नाल्यात सोडलेली पाळी

"मला नाय समजलं. परत सांग."

आमच्या पाणीवापर संस्थेच्या बैठकीत मी फळ्यावर नाला काढत होतो, तेव्हा हे वाक्य पाठीवर आदळलं. मी ओझरच्या कारखान्यात विमानाच्या भागांचे नकाशे काढायचो, त्यामुळे संस्थेचा सचिव मीच आणि चित्रकारही मीच. वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत अण्णांचा हात वर.

"काय नाही समजलं, अण्णा?"

"तुझा नाला डोंगर चढतोय."

खरंच चढत होता. खालचा बंधारा मी वर काढला होता आणि पाण्याचे बाण मोठ्या ऐटीत तिकडेच नेले होते. सगळा सभामंडप हसला. आमच्या कारखान्यातली विमानं उडतात कशी, हे तेव्हापासून मलाही कळेनासं झालं आहे.

असा एक माणूस तुमच्याही बैठकीत असेल. अण्णा माझे बांधाला बांध लागून शेजारी. हात वर करायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. कोपर गुडघ्यावर टेकलेलं आणि फक्त पंजा वर, एसटी थांबवावी तसा. पंजा वर गेला की लोक कपाळाला हात लावायचे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचं गाव चारीच्या शेपटाला. कालव्याचं पाणी आमच्यापर्यंत पोचायचं ते दमूनच. म्हणून संस्थेत विषय निघाला, की उन्हाळ्यातली पाण्याची शेवटची पाळी कुणीच रानात घ्यायची नाही. सगळं पाणी नाल्यात सोडायचं. बंधाऱ्यांत अडेल, जमिनीत मुरेल आणि विहिरींना पाझरेल. अट एकच, होकार सगळ्यांचा पाहिजे. म्हणजे अण्णांचाही.

अण्णांनी त्याच वर्षी द्राक्षाची नवी लागवड केली होती. वेली गुडघ्याएवढ्या आणि विहीर कोरडी. ती पाळी गेली तर बाग जाणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

"रान सोडून दगडाला पाणी पाजायचं?"

"दगडातून ते विहिरीत येतं, अण्णा."

"माझ्या हिरीत येईल?"

"येणारच!"

"कुठून?"

मी फळ्याकडे निघालो.

"तू आधी खडू खाली ठेव."

बैठकांवर बैठका झाल्या. मी समजवायचो, ते विचारायचे. शेवटी शेवटी माझाच गोंधळ उडाला. पाणी मुरतं म्हणजे नेमकं जातं कुठं, हे मला वाटलं होतं तितकं मला माहीत नव्हतं. एके दिवशी मात्र अण्णा धोतर झटकून उठले. "समजलं नाय. पण माझ्या एकट्यापायी गावाचं अडायला नको. सोडा."

पाणी सोडलं. महिनाभरात नाल्याकाठच्या विहिरी वर आल्या. माझीही आली. अण्णा रोज सकाळी आपल्या विहिरीत खडा टाकायचे आणि कान तिरका करायचे. टक्. एकदा ते माझ्या विहिरीवर आले आणि तिच्यात खडा टाकला. डुबुक.

"मला नाय समजलं," ते म्हणाले. "माझं पाणी तुझ्याकडं काय करतंय?"

"मध्ये खडक असेल, अण्णा."

"फळ्यावर नव्हता."

बांधापलीकडे त्यांच्या वेलींनी माना टाकल्या होत्या.

"माझ्या विहिरीतून पाणी घ्या."

"तुझ्या पाण्यावर माझी बाग जगवू?"

"तुमचंच आहे ते."

"मग यातलं माझं कोणतं, दाखव."

मी विहिरीत वाकून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. दोन शहाणी माणसं पाण्यात आपापलं पाणी शोधत होती, इतक्यात मोटर चालू झाली. माझी बायको बटणापाशी उभी होती आणि बांधापलीकडून वहिनी, म्हणजे अण्णांची मंडळी, ओरडत होत्या, "अवो, तिकडं काय वाकून बघताय? पाणी आलंय! आळी करा!" दोघींनी कधी ठरवलं आणि कधी पाइप जोडला, देव जाणे.

"मला नाय समजलं!" अण्णा ओरडले.

"समजू नका. फावडं घ्या!" पलीकडून वहिनी.

काही वेली गेल्या, बऱ्याच जगल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बैठकीत पंजा पुन्हा वर. लोक कण्हले. "अजून नाय समजलं," अण्णा म्हणाले. "सोडा." मग दरवर्षी पहिला होकार त्यांचाच असायचा. त्यांची विहीर काही वर आली नाही आणि आमचा पाइपही कुणी काढला नाही. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमच्या विहिरीला थेंब येत नाही, तरी हो का म्हणता?"

त्यांनी बराच विचार केला. "तेच तर नाय समजत," म्हणाले.

अण्णा गेले त्यानंतरची पहिली बैठक. मी सवयीने फळ्यावर नाला काढला आणि सवयीनेच थांबलो. शेवटच्या रांगेत कुणाचा पंजा वर नव्हता. चहा उकळायच्या आत ठराव मंजूर.

घरी आलो तर बायको चकित. "एवढ्यात आलात?"

"झालं. सगळं मंजूर."

"काय मंजूर?"

मी सांगायला लागलो. वरच्या बंधाऱ्याचं पाणी खालच्या बंधाऱ्यात, तिथून... मध्येच अडकलो.

"कुणी काही विचारलं नाही?"

"नाही."

तिने बांधाकडे, पाइपाकडे पाहिलं. "मग आता तुम्ही हात वर करत जा."

"अगं, मी सचिव. मीच सांगायचं आणि मीच विचारायचं?"

"मग काय झालं?" ती म्हणाली. "तुम्हाला तरी कुठं समजलंय!"