चार बोटं वर

आमचं घर नोएडाच्या कडेला आहे, सेक्टर संपून गावाची हद्द सुरू होते तिथे. गटाराची सरकारी लाइन अजून तिथवर पोचलेली नाही, त्यामुळे प्रत्येक घराची आपापली सेप्टिक टाकी. आमची टाकी सासऱ्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतली होती. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच होतो: ते, माझा नवरा आणि मी. दर रविवारी सकाळी ते अंगणातलं लोखंडी झाकण उचलायचे, आत बांबूची काठी बुडवायचे आणि पाणी कुठवर चढलंय ते बघायचे.

त्या हिवाळ्यात माझी आई आमच्याकडे राहायला आली. वडील गेल्यानंतर ती गावी एकटीच असायची. तिचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. हट्ट करून तिला मीच आणलं. रोज सकाळी ऑफिसला निघताना मी तिच्या उशाशी दोन मोठ्या बाटल्या भरून ठेवायचे.

दुसऱ्या रविवारी जेवताना सासरे म्हणाले, "विहीणबाई आल्यापासून टाकी चार बोटं वर आली."

आईचा हात भाकरीवर थांबला.

"बाबा, यार, जेवताना काय हे," नवरा हसला आणि त्याने आमटी वाढून घेतली. मी भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

त्यानंतर फ्लशचा आवाज आला की बाहेरच्या खोलीतून प्रश्न यायचा, "हा कितवा?" तो कुणालाच उद्देशून नसायचा. आई पदर सावरत बाहेर यायची आणि त्यांच्यासमोरून खाली मान घालून आपल्या खोलीत जायची. मग तिने फ्लश ओढणंच बंद केलं, मगाने पाणी ओतायला लागली. ते मगाचा आवाजही ओळखायचे. एकदा चहा पिताना ते तिला म्हणाले, "पोस्टवर बर्फात आम्ही दिवसातून एकदाच जायचो, विहीणबाई. सगळा सवयीचा प्रश्न असतो."

"व्हय दादा," आई म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर आलं. सासऱ्यांनी हाक मला मारली, पण आवाज आईच्या खोलीपर्यंत जाईल असा लावला. "आठ माणसांची टाकी आहे ही. आपण तिघं होतो तोवर कधी तक्रार नव्हती. आता काय ते तूच समज."

आठ माणसांची टाकी चौथ्या माणसाने कशी भरेल, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी पाणी पुसून काढलं, हात धुतले आणि खोलीत जाऊन आईला म्हणाले, "आई, जरा कमी जात जा ना. सकाळी एकदा, रात्री एकदा. मला ऐकून घ्यावं लागतं."

तिने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या भरलेल्याच राहायला लागल्या. विचारलं की म्हणायची, थंडीत तहान लागत नाही. दुपारी आणि संध्याकाळी ती फिरायला जायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणायची. मला बरंच वाटलं. घरात तेवढीच शांतता.

एका संध्याकाळी मी ऑफिसच्या कॅबमधून परत येत होते. सोबत ऑफिसातल्या तिघी होत्या. हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी गाडी अडकली. पंपाच्या मागच्या बाजूला, टायरमध्ये हवा भरतात तिथे, बायकांच्या शौचालयाबाहेर ट्रकवाल्यांच्या घोळक्यापासून अंग चोरून एक म्हातारी उभी होती. नऊवारी, वर माझा जुना मरून स्वेटर, पायात मोजे आणि स्लिपर. दार आतून बंद होतं आणि ती दोन्ही हातांनी पोट धरून वाट बघत होती. आमच्या घरापासून तो पंप दीड किलोमीटर आहे.

माझ्या शेजारची म्हणाली, "बेचारी. इनके घरवाले भी ना, पता नहीं कैसे होते हैं."

"हां," मी म्हणाले आणि मोबाइल बघायला लागले. गाडी सुटली.

आई अर्ध्या तासाने घरी आली. मी तिला चहा दिला. तिने दोन घोट घेऊन कप ठेवून दिला.

चार दिवसांत तिला थंडी वाजून ताप भरला. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडल्या, "पानी क्यों नहीं पीतीं अम्मा? घर में पानी नहीं है?" आई हसली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "आदत नहीं है." मी बाजूला फाइल धरून उभी होते.

बरी होताच तिने गावी जायचं काढलं. मी फार आग्रह केला नाही. नवऱ्याने तिला निजामुद्दीन स्टेशनवर गाडीत बसवून दिलं.

ती गेल्यानंतर आठ दिवसांनी टाकी उतू गेली. अंगणभर घाण पसरली. सासऱ्यांनी उपसा करणारी गाडी बोलावली. गाडीवाल्याने झाकण उघडलं, लांब बांबू आत फिरवला आणि तो हसायलाच लागला. "बाऊजी, इसमें तो माल है ही नहीं. सिर्फ पानी खड़ा है. आगे की पाइप देखो."

टाकीतलं पाणी एका पाइपातून शोषखड्ड्यात जातं आणि तिथून जमिनीत मुरतं. तो पाइप जिथून जात होता, त्याच्यावरच सासऱ्यांनी दिवाळीत घेतलेली नवी गाडी उभी होती. गाडी हलवून फरशी फोडली. चाकाखाली पाइप पार चेपून फुटला होता आणि आत माती गच्च बसली होती. दिवाळीपासून तो हळूहळू बुजत आला होता आणि आता पाणी बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

मी व्हरांड्यात उभी होते. म्हणाले, "बाबा, म्हणजे आईमुळे भरली नव्हती."

ते पाइपाचे तुकडे पायाने बाजूला सारत होते. "पण त्या आल्या म्हणून लवकर कळलं," म्हणाले. "नाहीतर अजून महिनाभर पत्ता लागला नसता." नवऱ्याने मान हलवली. त्याला हे पटलं होतं.

दोन दिवसांत नवा, जाड पाइप टाकला. शोषखड्डा उपसून त्यात नव्या विटांचे तुकडे भरले. पाणी सरसर वाहायला लागलं. रविवारी काठी बुडवून सासरे खूश झाले आणि मला बघायला बोलावलं. मी गेलेही.

त्याच दुपारी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर एखादा शब्द तरी बोलेल त्यांना. मला तो ऐकायचा होता. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मग आता गाडी कुठं लावता?" तिने विचारलं.

"बाहेर. रस्त्यावर."

"झाकून ठेवा म्हणावं. धूळ लई असती तिकडं."

पुढची तपासणी तिने मिरजेला करून घेतली. दर वर्षी मी तिला ये म्हणते, आणि दर वर्षी शेतातलं काही ना काही काम निघतं. त्या संध्याकाळी पंपावर मी तिला बघितलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. कॅबच्या काचा काळ्या नव्हत्या. तिनेही मला बघितलं असेल.