चिंचेची साल सांधणारे आप्पा

आप्पांनी पहिल्याच भेटीत आमच्या फलकाचे खिळे पकडीनं उपटले आणि माझ्या हातावर ठेवले. 'झाडे वाचवा' हा फलक आमच्या पर्यावरण गटानं फाट्यावरच्या जुन्या चिंचेलाच ठोकला होता.

"वाचवा म्हणायचं आन् अंगात खिळं मारायचं? तुझ्या पाठीत मारू का येक?"

मी चिडले. पण खिळे पिशवीत टाकले, कारण म्हाताऱ्याचं बरोबर होतं.

आप्पांनी राहू गावच्या एका रोपवाटिकेत उभा जन्म कलमं बांधली. आमची पत्रकं वाचून ते हसायचे. त्यात आम्ही झाडाच्या सालीलाही 'आवरण' लिहायचो.

"आवरण गादीला घालत्यात, पोरी. कांद्याला पापुद्रा, शेंगेला टरफल, सापाला कात, माशाला खवलं. परत्येकाचं काम न्यारं. कात टाकून साप पळतो. पापुद्रा गेला तरी कांदा ऱ्हातो. झाडाची साल गेली तर झाड उभ्यानं उपाशी मरतं."

ते उपाशी मरणं त्याच वर्षी समोर आलं. चिंचेमागच्या जागेत गाळे काढायचे होते. झाड तोडायला परवानगी लागते. म्हणून जागामालकाच्या माणसांनी बुंध्याची वीतभर साल गोल सोलून काढली. कुऱ्हाड नाही, आवाज नाही. मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "झाड तर उभं आहे, मॅडम. तोडलं कुठं?" मी ओरडले. तीन पत्रकं छापली, शिरूरच्या बाजारात वाटली. लोकांनी त्यावर भेळ खाल्ली.

आप्पांनी कुणाला काही विचारलं नाही. चिंचेच्याच करंगळीएवढ्या काड्या कापल्या, दोन्ही टोकं तासली आणि जखमेच्या खालच्या-वरच्या सालीत पुलासारख्या खोचल्या. वरून सुतळी, शेणमाती.

"पाणी लाकडातनं वर चढतं. पानांनी केल्यालं जेवान मुळ्यांकडं येतं ते सालीतनं. रस्ता तुटलाय, म्हणून पूल."

सात काड्यांपैकी दोघींनी जीव धरला. चिंच दोन वर्षं त्या दोघींवर जगली.

"शिकून घे की. माझ्या हाताला आता कापरं भरतंय."

"आप्पा, दौंडला मोर्चा आहे. पुढच्या आठवड्यात नक्की."

"मोर्चा करून ये. चिंच काय येत न्हाई तिकडं."

तो आठवडा मी दोन वर्षं पुढं ढकलला. यंदा चैत्रात आप्पा गेले. त्यांच्या तेराव्याआधीच कुणीतरी त्या दोन्ही काड्या, आता अंगठ्याएवढ्या झालेल्या, कोयत्यानं तोडून टाकल्या.

मी अर्ज केला नाही. थकले होते, आणि साहेबांचं उत्तर पाठ होतं. ब्लेड आणि सुतळी घेऊन चिंचेखाली बसले. काड्या तासल्या. खोचण्यासाठी जखमेची कड उचलली की साल फाटायची. फाटलेलं काढून थोडं वर पुन्हा कड उचलायची, पुन्हा फाटायची. चौथ्यांदा फाटली तेव्हा समोरचा चहावाला गाड्यावरूनच म्हणाला,

"ताई, मालकाच्या माणसांपेक्षा तुम्हीच जास्त सोललं की."