नव्या बसचं गाऱ्हाणं

मला पोलिसांच्या वचकाबद्दल कुणी काही सांगू नका. शिस्त, कायदा, वचक हे शब्द मी स्वतः इतक्या वेळा वापरलेत की आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तरी तळपायाची आग मस्तकात जाते. नव्वदच्या दशकात शारजात आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचो. जेवण झालं की विषय ठरलेला, इंडियाचं कसं होणार. मोर्चे, बंद, युनियन, झोपडपट्ट्या. "इथे बघा," मी म्हणायचो, "नो युनियन, नो स्ट्राइक. पोलीस नुसता उभा राहिला की मामला खलास. आपल्याकडे सगळ्यांना असंच दोन महिने चोपून काढलं पाहिजे." सगळे माना हलवायचे. सगळे म्हणजे कोण, हे कुणी विचारायचं नाही. त्यात आपण नाही, एवढं प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी एका कन्स्ट्रक्शन कंपनीत ॲडमिन ऑफिसर होतो. व्हिसा, लेबर कार्ड, रजा, आणि कामगारांचे पासपोर्ट ठेवलेलं लोखंडी कपाट. त्याची किल्ली माझ्या खिशात. कंपनीत माणसाची पत कामावर ठरायची नाही, पासपोर्टवर ठरायची. वर गोरा प्रोजेक्ट मॅनेजर, त्याखाली अरब, त्याखाली आम्ही टायवाले इंडियन, आणि सगळ्यांच्या खाली हेल्मेटवाले. हेल्मेटवाल्यांचा आणि माझा पासपोर्ट एकाच रंगाचा होता, ते मी सोयीने विसरायचो.

त्या वर्षांत तिथल्या पेपरांत बाहेरच्या माणसांची चर्चा सतत चालायची. परदेशी फार झाले, समतोल बिघडतोय, ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी अमुक मुदतीत देश सोडावा. सरकारला धास्ती गर्दीची. कॅम्पात वीस मजूर एका जागी उभे राहिले की ती गर्दी. आम्ही शंभर जण हॉटेलचा हॉल घेऊन दिवाळी करायचो, ते फंक्शन.

कॅम्प डोंगराच्या बाजूला होता. कुठल्या अमिरातीत ते लिहीत नाही, उगाच कुणाच्या नावावर खापर नको. तिथे आमचे दोनशे लोक राहायचे, त्यांत साठेक कोकणातले. त्यांच्यात एक शटरिंगचा, म्हणजे स्लॅबचे लाकडी साचे ठोकणारा, सुतार होता, पंचावन्नच्या पुढचा, बावीस वर्षं गल्फमध्ये काढलेला. सगळे त्याला आबा म्हणायचे. माझं आजोळ सावंतवाडीकडचं, म्हणून मला त्याचं बोलणं कळायचं, आणि त्यामुळे तो मला आपला माणूस समजायचा. ही त्याची चूक.

लोकांना साइटवर न्यायला एक उघडा ट्रक होता. हौद्यात लाकडी बाकं, धरायला काही नाही. एका सकाळी घाटातल्या वळणावर तो ट्रक कलंडला. दोघं जागीच गेले. दोघंही आबाच्या खोलीतले, एक त्याच्या शेजारच्या वाडीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ट्रक पत्रा ठोकून, धुऊन, कॅम्पच्या दारात हजर. हौद्याच्या फटीत रक्त वाळलेलं दिसत होतं. अरब कॅम्प बॉस टाळ्या वाजवत ओरडत होता, यल्ला, यल्ला, चला लवकर. एकही माणूस चढला नाही.

दोन दिवस कुणी चढलं नाही. घोषणा नाहीत, दगड नाहीत. आम्हाला बस द्या, एवढंच. पण काम बंद म्हणजे काम बंद, आणि ते त्या देशात गुन्हा. फाटकाबाहेर पोलिसांच्या तीन जीप येऊन उभ्या राहिल्या. आणि आश्चर्य म्हणजे गोरा नमला. काम अडलं होतं त्याचं. त्याने कुठून तरी जुनी पांढरी बस मिळवली आणि मला सांगितलं, उद्या सकाळी तू स्वतः उभा राहून लोकांना बसव.

आदल्या दिवशी मी ही बातमी घेऊन कॅम्पात गेलो तेव्हा लोकांनी माझा हात धरला. आबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायबा, दोन पोरां गेली आमची. नवी गाडी आसा. नारळ फोडल्याशिवाय पोरां चढूची नाय. येताना एक नारळ आणशात?"

मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं? आपल्याकडे सायकल घेतली तरी हार-नारळ होतो. शारजात घराखालच्या ग्रोसरीतून नारळ घेतला तेव्हा बायको म्हणालीसुद्धा, "दोन दिरहॅम? वीस-बावीस रुपयांचा नारळ तू कामगारांना वाटतोयस?" मी हसलो. आपण कामगारांचे तारणहार असल्याचा मला त्या दिवशी चांगलाच माज चढला होता.

सकाळी बस फाटकातून आत आली. मी आबाच्या हातात नारळ दिला. लोक बससमोर जमले, चपला काढून. आणि आबाने गाऱ्हाणं घातलं. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, तिकडे कुठल्याही कामाआधी जाणता माणूस पुढे उभा राहून देवाशी खड्या आवाजात बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे हुंकार देतात. कुजबुजत बोलायची ती रीतच नाही, देवाला ऐकू गेलं पाहिजे.

"बा देवा म्हाराजा," आबाने नारळ डोक्यावर धरला, "आज ही नवी गाडी तुझ्या लेकरांच्या दारात इलेली आसा."

"व्हय म्हाराजा."

"जे गेले त्येंका तुझ्या पायाशी घे. जे ऱ्हवले त्येंची राखण कर."

"व्हय म्हाराजा."

साठ माणसं एका आवाजात. दोन दिवसांचं दबलेलं सगळं त्यात होतं, मान्य आहे. माझ्याही अंगावर काटा आला. कोकणातले नव्हते तेसुद्धा मागून ओरडायला लागले. आणि तेव्हाच माझं लक्ष कॅम्प बॉसकडे गेलं. त्याला यातलं काय कळणार? त्याच्यासाठी एक म्हातारा बसच्या काचेसमोर हातात काहीतरी जड उगारून भाषण ठोकत होता आणि जमाव उत्तर देत होता. तो फाटकाकडे पळत सुटला. मला तेव्हाच धावायला हवं होतं. मी हातातली यादी सावरत उभा राहिलो.

आबाने नारळ पुढच्या चाकाजवळ आपटला.

पोलीस आत घुसले ते थेट काठ्या चालवतच. इशारा नाही, विचारणं नाही. पहिला फटका आबाच्या कोपरावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तोंडावर. एक पोरगेला फिटर खोबऱ्याचा तुकडा उचलायला वाकला होता, प्रसाद म्हणून. त्याच्या मानेवर मागून काठी पडली आणि तो उठलाच नाही, तसाच वाळूत तोंड खुपसून पडून राहिला. लोक जीव वाचवायला बसमध्ये चढले, ज्या बसमध्ये मी त्यांना बसवायला आलो होतो. पोलीस मागोमाग आत. बस हलत होती नुसती. आतून काठ्यांचा आवाज येत होता आणि "माफ करो, माफ करो" असं हिंदीतून रडणं. काचेवर आतून कुणाचं तरी डोकं आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काच गेली. अनवाणी माणसं त्या काचांवरून पळत होती.

मी मध्यभागी उभा होतो. माझ्या अंगाला एक काठी लागली नाही. एक पोलीस काठी उगारून माझ्यापर्यंत आला, माझा इस्त्रीचा शर्ट आणि टाय बघितला, आणि डाव्या हाताने मला हळूच बाजूला सारून म्हणाला, "सॉरी सर." मग माझ्या मागे लपलेल्या माणसाला त्याने खाली पाडून तुडवलं. तो माणूस माझी पँट धरून होता. मी पाय सोडवून घेतला. लाज वाटते सांगायला, पण घेतला.

चाळीस जणांना उचलून नेलं. दुपारी गोऱ्याने मला दुभाषा म्हणून गाडीत घातलं. वाटेत तो म्हणाला, प्रार्थना, देव वगैरे विषय काढू नकोस, कॅम्पात पूजा चालते म्हटलं तर कंपनीचं लायसन्स जाईल. त्यांना एक पुढारी हवाय. एक मिळाला की बाकीचे सोडतील. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. शांत, शिकलेला माणूस, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. मग आबाला आणून फरशीवर बसवलं. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, हात बेडीत, आणि मोडलेलं कोपर सुजून मांडीएवढं. पट्टीसुद्धा बांधली नव्हती. मी चहाचा कप खाली ठेवला नाही. हातात काहीतरी असलेलं बरं वाटत होतं.

"हा बोलत होता आणि बाकीचे उत्तर देत होते, बरोबर?" अधिकाऱ्याने विचारलं.

एक वाक्य पुरेसं होतं. संप कालच मिटला, ही माणसं कामावरच निघाली होती, हे प्रवासाआधीचं मागणं होतं. हे कळणारा आणि इंग्रजीतून सांगू शकणारा त्या खोलीत मी एकटा. पण त्याच्या टेबलावर कागदात गुंडाळलेली करवंटी ठेवलेली होती. पूजा म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, सामान कुणी आणलं. मग माझा व्हिसा, मुलीची शाळा, शारजातला फ्लॅट, सगळं त्या टेबलावर.

"येस," मी म्हणालो.

"म्हणजे लीडर हाच."

"येस."

चाळीस माणसं सुटावीत म्हणून मी तसं बोललो, असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. साफ खोटं. त्या क्षणी मला चाळीसांतला एकही आठवत नव्हता. माझी पाचावर धारण बसली होती आणि मला घरी जायचं होतं.

अधिकाऱ्याने करवंटीकडे बोट केलं. "विचारा त्याला, हे कुणी दिलं."

आणि मी विचारलं हो. माझ्याच तोंडाने, मराठीतून. "आबा, नारळ कुणी दिला विचारतायत."

त्याने उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "सांगा त्येंका, माझो मीच आणलंय," तो म्हणाला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोलिसाला उत्तराला उशीर झाल्यासारखा वाटला असावा, त्याने त्याच मोडक्या हातावर बूट ठेवला. आबा ओरडला नाही, नुसता लघवी करून बसला. मी भाषांतर केलं, ही सेज, हिज ओन. सही केली. चहा संपवला.

बाकीचे त्याच संध्याकाळी सुटले. मी घरी पोचलो तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, "तुझं नाव नाही ना आलं कुठे?" नाही म्हटलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पानं घेतली. आठ वर्षांची मुलगी मराठीत बोलतच नव्हती त्या दिवसांत. ती म्हणाली, "बाबा, यू स्मेल." घामाचा वास असेल, किंवा त्या खोलीचा. मी तिच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात की ती खुर्चीवरून खाली पडली. ओठ फुटला तिचा. आयुष्यात तेवढं एकदाच मी तिच्यावर हात उचलला. ती अजून कारण विचारते आणि मी अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी आबाला देशाबाहेर पाठवायचं ठरलं, पुन्हा कधी पाय ठेवता येणार नाही असा शिक्का मारून. लोखंडी कपाटातून त्याचा पासपोर्ट मीच काढला. व्हिसा रद्द करण्याचा कागद मीच टाइप केला. रिझन फॉर टर्मिनेशन, मिसकंडक्ट. कपाटात त्या दोघा मेलेल्यांचे पासपोर्टही अजून होते, ते बाजूला सारून त्याचा शोधावा लागला. मोडला तो सुताराचा उजवा हात होता. नीट बसवला नाही तर पुन्हा हातोडी धरता येणार नाही, असं आमच्या कंपनीची नर्स नुसतं ऐकूनच म्हणाली होती, पण तिला ठाण्यात कुणी जाऊ दिलं नाही.

विमानतळाच्या मागच्या बाजूला पोलिसांच्या खोलीत तो बाकावर बसला होता. केस भादरलेले. हात फडक्याने गळ्यात बांधलेला, बोटं काळीनिळी. मी दिसल्याबरोबर उठून उभा राहिला. बावीस वर्षांची सवय, साहेब आला की उठायचं. मी तिकीट आणि पासपोर्ट पोलिसाकडे दिला. निघावं म्हणून वळलो तर त्याने हाक मारली.

"सायबा, माका इंग्लिश येणा नाय," तो म्हणाला. "पण माका समाजला. त्या दिवशी तुमी त्या अधिकाऱ्याक माझ्यासाठी किती सांगलास ता. तुमी होतास म्हणान तुरुंगात नाय टाकल्यानी, घराक धाडतत. पोरां पण तुमच्यामुळाच सुटली."

मी त्या अधिकाऱ्याशी मोजून तीन वाक्यं बोललो होतो. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा. धड असलेला हात भिंतीला टेकून तो कष्टाने खाली वाकला आणि माझ्या बुटांना हात लावून त्याने तो हात कपाळाला लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.