रॉकेलची रांग

आखातात युद्ध पेटलंय आणि आमचा सिलिंडर आलेला नाही. बायकोने जुना स्टोव्ह पेटवला, घरभर रॉकेलचा वास पसरला, आणि मी मनाने १९९१ सालातल्या नागभीडच्या रेशन दुकानासमोर जाऊन उभा राहिलो.

तेव्हाही आखातातच युद्ध होतं. मी कॉलेजात होतो. रांगेत माणसांऐवजी डबे उभे होते आणि दोन पक्षांचे कार्यकर्ते भांडत होते.

"आमचं सरकार असतं तं तेल भेटलं असतं!"

"तुमचं सरकार काय इथी विहीर खोदून राह्यलं होतं?"

शेजारच्या सलमाखालाचा नंबर आला, की ती आपला डबा उचलून पुन्हा शेवटी ठेवायची.

"खाला, तेल नाई पाह्यजे काय?"

"पाह्यजे ना बाबू. पण रेडिओ या दुकानातच आहे. माहा पोरगा रफिक तिकडंच कामाले आहे."

तेवढ्यात रेडिओने लढाई थांबल्याचं सांगितलं. "आता रांग संपली!" म्हणत आम्ही टाळ्या वाजवल्या. खालानेही वाजवल्या.

रफिक सुखरूप परतला. आता त्याचा मुलगा तिकडे आहे. काल युद्ध थांबणार अशी बातमी लागली, तेव्हा मी धावत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. सिलिंडरसाठी की त्या मुलासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.