अक्कांची अंघोळ

अक्कांची गर्भपिशवी काढायची ठरली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं मी त्यांच्यावर दात धरून होते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्या सिझेरियनच्या दिवशी सकाळी मी दवाखान्याने दिलेल्या गुलाबी औषधाने अंघोळ केली होती. त्यानंतर अंगाला काही म्हणजे काही लावायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. निघताना अक्कांनी मला देवापुढे थांबवलं, पदर सारला आणि तेलात कालवलेला देवीचा अंगारा पोटावर चांगला चोळला. "दवाखाना काय देवीपेक्षा मोठा हाय का?" म्हणाल्या. मी घरात धाकटी, चोळू दिलं.

टाके पिकले. जखम उघडली. कशाने, ते सांगता येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला सांगता येत होतं. पाच आठवडे मला माझी मुलगी उचलता आली नाही, ती अक्कांच्याच खांद्यावर झोपायला शिकली. आणि हैदराबादेत, आमच्या काचीगुड्यात जो भेटेल त्याला अक्का सांगत होत्या, "तिला पथ्यच पाळता येत नाही." अंगाऱ्याचा शब्द नाही. तो एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचा, एवढीच माझी इच्छा राहिली होती.

आता मलकपेठच्या दवाखान्याने त्यांनाही त्याच गुलाबी औषधाची बाटली दिली. खांदा धरलेला, हात वर जात नव्हता, म्हणून अंघोळ घालायला मला बोलावलं. आम्ही आता बरकतपुऱ्यात वेगळे राहतो; ऑपरेशनच्या दिवशी मी तिथून सकाळी सहालाच पोचले. बांगड्या उतरवल्या. आदल्या दिवशी तेल थापलेले केस दोनदा धुतले. मानेपासून पायापर्यंत औषध लावलं, बेंबीसुद्धा सोडली नाही. कागदावर लिहिलं होतं, दोन मिनिटं अंगावर राहू द्यावं.

"जल्दी पाणी टाक की, थंडी वाजायली."

"पथ्य आहे, अक्का."

दोन मिनिटं झाली, तीन झाली. त्या भिंतीला धरून कुडकुडत होत्या. तांब्या भरून मी हातात धरला आणि म्हणाले, "आधी सांगा. माझ्या पोटाला काय चोळलं होतं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची नजर खाली गेली.

"अंगारा," त्या म्हणाल्या. "टाके पिकले तवाच कळलं मला. पण बोलले असते तर लेकरू माझ्याकडं दिलं असतंस का तू?"

"नसतंच दिलं," मी म्हणाले आणि तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला. पाणी मीच कोमट करून ठेवलं होतं, याचा मला राग आला.