मागच्या कमानीचा पाटा

ट्रकच्या मागच्या डाव्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या पोलादी स्प्रिंगचा, वरचा पाटा मोडला, तेव्हा बायकोला जाऊन वर्ष भरत आलं होतं. आचऱ्याला चिरे उतरवून परत येत होतो. चाक खड्ड्यात गेलं आणि बार उडावा तसा आवाज झाला. ट्रक एका अंगाला कलला. तसाच कललेला घरी आणला आणि घरापुढच्या खळ्यात फणसाखाली उभा केला.

मुलगा कुडाळला नोकरीला आहे. त्याला निमित्तच हवं होतं. घरी आल्या आल्या म्हणाला, "बाबा, आता पुरे झाला. रविवारी बांद्याचो भंगारवालो येतलो. तेका देवन टाकूया."

"कित्या? एक पाटो मोडलो म्हणान? तुझो दात पडलो तर तुकाय भंगारात घालू?"

"मस्करी नको. आवस होती तेवा ती भायर ऱ्हवान लक्ष ठेवी. आता तुमी एकटे खाली शिरतलात. जॅक सुटलो तर आमका कळतला कसा?"

त्याचं खोटं नव्हतं. ती होती तेव्हा ट्रकखालचं कुठलंच काम मी एकट्याने केलं नव्हतं. तिला माझे पाय दिसत, मला तिचे. तेवढं पुरत होतं.

शेवटी असं ठरलं की भंगारवाला यायच्या आधी ट्रक देवळाकडची घाटी आपल्या पायाने चढला तर राहील, नाही चढला तर जाईल. मी हो म्हटलं. मनातून मात्र घाबरलो होतो. ट्रक गेला असता तर सकाळी उठून मी काय केलं असतं? ट्रक बोलत नाही, पण रोज काहीतरी काम सांगतो. बायकोही तेच करायची. दोघंही गेली तर घरात मला काम सांगणारं कोण उरलं?

रविवारी सकाळी मुलगा म्हणाला, मी हात लावणार नाही, आणि मासे आणायला मालवणला गेला. मी चाकांना दगड लावले, जॅक चढवला, चेसिसखाली लाकडी ओंडके दिले. तेवढ्यात सून ओढणी कमरेला बांधून बाहेर आली. ती बांद्याची, शिक्षकाच्या घरातली.

"मामानु, काय धरू सांगा."

"तू घरात जा. हात काळे होतीत."

"माशे साफ करून हात रोजच घाण होतत. सांगा काय ता."

मग सांगितलं. यू-बोल्ट सोडवले, कमान खाली घेतली, पाटे सुटे केले. मोडका पाटा बाजूला टाकला, गॅरेजवाल्याकडून आणलेला घातला. प्रत्येक पाट्याला ग्रीस तिनेच लावलं. इतकं लावलं की मी म्हटलं, "गो बाये, पाटो हा, पोळी न्हय." ती म्हणाली, "कमी लावलंय असता तर तेवाय बोल्लाच असतात."

खरी पंचाईत पुढे होती. कमान वर चढवली की तिचं टोक पहारीने ओढून शॅकलच्या, म्हणजे चेसिसला टांगलेल्या कडीच्या, भोकासमोर आणायचं असतं, तेव्हाच पिन आत जाते. त्याला दोन माणसं लागतात आणि दोघांचा जोर एकाच क्षणी लागावा लागतो. आम्हा नवराबायकोला एक-दोन-तीन म्हणून ते कधी जमलं नाही. तिचं तीन माझ्या आधी यायचं. म्हणून आम्ही गाऱ्हाणं घालायचो. देवळात एकजण देवाकडे मागणं मागतो आणि बाकी सगळे एकदम "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसं. मी ट्रकखालून मागायचो, आणि "व्हय म्हाराजा"ला दोघं पहारीवर पडायचो.

सवयीने तोंडातून निघून गेलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो पाटो जाग्यार बसांदे..." आणि मी थांबलो. पलीकडून उत्तर देणारी नव्हती.

"व्हय म्हाराजा!" सून ओरडली आणि तिने पहारीवर सगळा भार टाकला. मी धरून नव्हतो. पहार सटकली ती माझ्या गुडघ्यावर. मी शिवी घातली.

"माका काय शिवी घालतात? गाऱ्हाणा तुमी घातलात, मी व्हय म्हटलंय. मधीच थांबलात कित्या?"

पुन्हा सुरू केलं. "बा म्हाराजा, बांद्याच्या ह्या चेडवाच्या अंगात जरा बळ दी..."

"आणि ह्या म्हाताऱ्याच्या तोंडाक कुलूप घाल!" ती म्हणाली, आणि मग दोघंही एकदम, "व्हय म्हाराजा!"

पिन आत गेली. मी खाली पडल्या पडल्या हसत होतो. बऱ्याच दिवसांनी.

बोल्ट आवळले, जॅक उतरवला आणि मागे जाऊन बघतो तर डावं चाक जागेवर नाही. चार बोटं मागे सरकलेलं. कमान उलटी बसली होती. कमान अ‍ॅक्सलवर बसते तिथलं भोक बरोबर मध्यावर नसतं, पुढची बाजू आखूड असते. कमान सोडवायच्या आधी बायको तिच्या पुढच्या टोकाला पानाच्या चंचीतला चुना बोटाने लावायची. मी म्हणायचो, टिळा कसला लावतेस? या वेळी खूण केलीच नव्हती, कारण ते काम कधी माझं नव्हतंच.

मी पायरीवर बसलो. मुलगा मासे घेऊन आला, चाक बघितलं, घड्याळ बघितलं. "बाबा, तो चार वाजता येतलो. आता सोडा."

मीही सोडूनच दिलं असतं. पण सून म्हणाली, "बांगडे तू साफ कर."

"मी?"

"मगे? पाटो तू काढतलस? उठा मामानु."

मुलगा पायरीवर बांगडे घेऊन बसला आणि आम्ही पुन्हा खाली. सगळं सोडवलं, कमान फिरवली, गाऱ्हाणं घातलं. तिसऱ्या गाऱ्हाण्याला पायरीवरूनही "व्हय म्हाराजा" आलं. आम्ही दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या वेळी चाक सरळ बसलं.

सुनेला बाजूला बसवलं आणि ट्रक काढला. घाटीवर दुसरा गियर टाकला तेव्हा माझा कान मागेच होता. कुरकुर नाही, खडखड नाही. वर देवळाकडे वळवून परत आलो, तर पडवीत भंगारवाला चहा पीत बसला होता.

"गाडी चलता मगे माका कित्या बोलवलास?" तो मुलाला म्हणाला.

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "काल चलत नव्हती."

"मगे तो मोडको पाटो तरी दी."

"तो मिळूचो नाय," सून गाडीतून उतरत म्हणाली. "लोहाराकडसून तेचो कोयतो करून घेवचो हा. कमानीच्या पाट्यासारखा लोखंड दुसरा नाय."

भंगारवाला रिकाम्या टेम्पोने गेला. मुलाने हात धुतले आणि म्हणाला, "ऱ्हवांदे ट्रक. पण एकटे खाली शिरूचा नाय."

"तुझ्या बायलेक इचार, तिका वेळ असतलो काय."

"नाय असलो तर माका सांगा," तो म्हणाला.

संध्याकाळी बांगड्याचं तिखलं झालं. अशा कामानंतर बायको माझ्या पाठीला खोबरेल चोळायची. त्या रात्री पाठ दुखत होती, ती दुखूच दिली. झोप मात्र लागली.