संयोगितानं बसवलेला ऑटो

एकच काम दुसऱ्यांदा हातानं करायची वेळ आली की संयोगिताला राग यायचा. अगदी खरा राग, नाकाचा शेंडा लाल व्हायचा. कराडच्या आमच्या ऑफिसात आम्ही लोकांचे क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळतो. म्हणजे लांब कुठल्या तरी शहरातली भाड्याची मशिनं. हुकूम इथून सोडायचे, काम तिकडं होतं. रोज सकाळी तेच हुकूम. कुठलं चालू, कुठलं बंद, कुणाची डिस्क भरली, कुणाचा बॅकअप राहिला. मी आणि धैर्यशील वर्षानुवर्षं ते निमूट टाइप करत आलो. त्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही, कारण तेवढ्यात चहा यायचा.

ही पलूसची पोरगी, लालासाहेबांची धाकटी. वडील फौजेतून येऊन ऊस बघणारे. महिनाभर तिनं आमचं टायपिंग सोसलं आणि मग ते सगळे हुकूम एका शेल स्क्रिप्टमध्ये घालून टाकले. हुकुमांची एक फाईल, वेळ झाली की आपली आपण चालते. त्यात तिचा लाडका तुकडा एकच होता. कुठलंही मशीन बंद दिसलं की तो ते लगेच चालू करायचा. त्याचं नाव तिनं ‘ऑटो’ ठेवलं. आमच्याकडं विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटोची पेटी लावतात, त्यावरून. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन रानात जायला नको.

“पोरी, आमच्या पोटावर पाय देतीस व्हय?” धैर्यशील म्हणायचा.

“दादा, तुमच्या बोटांस्नी आराम देतीया.”

तिचं कौतुक करून करून आम्हीच तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवली, खोटं कशाला बोलू. त्याच झपाट्यात एका रविवारी तिनं घरच्या विहिरीवरही खरा ऑटो बसवला. आबांचे, म्हणजे लालासाहेबांचे, गुडघे दुखतात म्हणून.

त्यानंतरच्याच आठवड्यातली दुपार. धैर्यशीलनं एका हॉस्पिटलचं मशीन बंद केलं. पेशंटच्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर हलवायच्या होत्या, आणि ते मशीन बंद ठेवूनच करावं लागतं. काम अर्ध्यावर असताना मशीन सुरू झालं. तिकडं हॉस्पिटलवाल्यांनी अर्धवट हललेल्या नोंदींवर नव्या नोंदी चढवायला सुरुवात केली. सगळा काला.

“ह्ये चालू कुणी केलं रं?” धैर्यशील ओरडला.

“ऑटोनं,” संयोगिता म्हणाली. “बंद दिसलं, केलं चालू. सकाळचा बॅकअप हाय दादा, घाबरू नका.” तिची बोटं बॅकअप शोधायलाही लागली होती.

आणि थांबली. मला वाटलं, बॅकअपही गेला. तो गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत नोंदी जागेवर आल्या. पण त्या क्षणी तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आत कोण काम करतंय, त्येला कळतच न्हाई,” ती म्हणाली. आमच्याशी बोलत नव्हती. “आबा सकाळी म्हणत हुते, मोटार पाणी कमी फेकतीया, लाईट गेली की उतरून बघतो.”

आता माझ्या ध्यानात आलं. पाणबुडी मोटारीच्या जाळीत कचरा अडकला की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिला हात घालावा लागतो. तेवढ्यात लाईट आली तर माणूस गेलाच. म्हणून आमच्या भागात रीत आहे. उतरणाऱ्यानं स्टार्टरजवळचा किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा फ्यूज, उपसायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. पोटच्या पोराच्या हातातही द्यायचा नाही.

तिनं आबांना फोन लावला. तो उचलला आईनं, शालूबाईंनी.

“आबा कुटं हायत?”

“हिरीत. फोन हितं खुंटीलाच हाय. का गं?”

“किटकॅट काढलाय का त्येंनी?”

“मला काय ठावं?”

“आई, पळ! पेटीजवळचा किटकॅट उपस. फोन ठिवू नको!”

स्पीकरवर उसाची पानं घासल्याचा आवाज येत होता आणि शालूबाईंची धाप. शेजारी हॉस्पिटलचा फोन वाजत होता, तो कुणीच उचलला नाही. मी मनातल्या मनात त्या माउलीला शिव्या देत होतो, पळ की, पळ की म्हणून.

“काढला गं बाई,” शेवटी त्या कशाबशा म्हणाल्या.

मग विहिरीतून लालासाहेबांचा घुमणारा आवाज आला. “कशाला आरडाय लागलायसा? कोण मेलं का?”

“आबा!” संयोगिता हमसून रडत होती. “सारा जलम किटकॅट खिशात घालून उतरलासा. मग आजच का न्हाई काढला?”

पाणी चुबकल्याचा आवाज आला. मग ते बोलले, साधेपणानं, जरा खट्टू होऊनच.

“अगं, तू बसिवलायंस न्हवं त्यो? मी आत हाय, त्येला ठावं असंल की.”

 

तेवढ्यात शालूबाईंचा आवाज आला. “आवं, शेजारच्या नाथाजीच्या पायपातनं पाणी पडाय लागलं. लाईट आली जणू. या वर.”